भूतकाळाचे उष्णमान मोजणारे युरी

हजारो वर्षांपूर्वीचा माणूस काय खात असे, कोठले पाणी पीत असे, ह्याची नोंद कोणी लिहून ठेवलेली नाही. परंतु मातीत गाडले गेलेले त्याचे हाड ती माहिती आजही देऊ शकते. हाडांची ही मूक भाषा वाचण्याचा मार्ग ज्यांच्या संशोधनामुळे खुला झाला, त्यांत हॅरोल्ड युरी हे अग्रगण्य होत.

युरींचा जन्म २९ एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेतील वॉकरटन या लहानशा गावी झाला. ते अवघे सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. शालेय शिक्षण संपताच त्यांनी खेड्यांतील शाळांत शिक्षकाची नोकरी धरली. पण ज्ञानाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. पुढे ते विद्यापीठात गेले आणि १९२३ साली त्यांनी रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली.

एकाच मूलद्रव्याचे काही अणू हलके, तर काही जड असतात. त्यांना समस्थानिक म्हणतात. १९३१ साली युरींनी हायड्रोजनचा जड समस्थानिक शोधून काढला. त्याबद्दल १९३४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रकमेतून त्यांनी आपल्या दोन्ही सहकाऱ्यांना वाटा दिला.

दुसऱ्या महायुद्धात हेच ज्ञान अणुबाँबच्या कामी आले. हलके युरेनियम जड युरेनियमपासून वेगळे करण्याच्या संशोधनाची धुरा युरींवर होती. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी ही शहरे बेचिराख झाली. युरी व्यथित झाले. अण्वस्त्रांना आळा घालावा, म्हणून ते लोकांना जागृत करू लागले. आणि प्रयोगशाळेत त्यांनी नवी वाट धरली.

समुद्रातील प्राण्याचे कवच थंड पाण्यात वाढले, तर त्यात जड प्राणवायू किंचित अधिक सापडतो, हे त्यांनी ओळखले. १९५१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका सागरी प्राण्याच्या अवशेषाचे थर तपासले. त्या जीवाने पाहिलेले उन्हाळे व हिवाळेसुद्धा त्यांत उमटलेले आढळले!

त्या सहकाऱ्यांपैकी सॅम्युअल एपस्टाइन ह्यांनी पुढे मायकेल डीनिरो ह्यांच्यासह १९७८ साली दाखवून दिले की, प्राण्याच्या देहातील कर्ब त्याच्या अन्नाची खूण बाळगतो. ज्वारी, बाजरी, मका खाणाऱ्याच्या हाडांत जड कर्ब अधिक असतो. गहू व तांदूळ खाणाऱ्याच्या हाडांत कमी. जड नत्रवायूवरून मांस व मासे ह्यांचा माग लागतो. हाडांतील प्राणवायूवरून पिण्याच्या पाण्याचा, आणि त्यावरून त्या काळच्या हवामानाचा अंदाज बांधता येतो.

५ जानेवारी १९८१ रोजी युरी निवर्तले. जे ज्ञान एकदा संहाराच्या कामी लागले, तेच आज हजारो वर्षांपूर्वीच्या अनाम माणसांचे जीवन आपल्याला उलगडून दाखवीत आहे.