चार्ल्स ऑग्डन आणि अठरा क्रियापदें

इंग्रजी शिकूं लागलेल्या मनुष्यास पहिली धास्ती वाटते ती क्रियापदांची. शब्दकोशांत तीं हजारों, आणि बहुतेक नेहमीच्या क्रियापदांचीं रूपें अनियमित. हें ओझें हलकें करण्याकरितां ज्या विद्वानानें अनेक वर्षें श्रम केले, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवितों.

चार्ल्स के ऑग्डन यांचा जन्म १ जून १८८९ रोजीं इंग्लंडांतील फ्लीटवुड येथें झाला. त्यांचे वडील तेथील रॉसल शाळेंत शिक्षक होते. केंब्रिज येथें शिकत असतां धर्माच्या बाबतींत कोणाचाही अधिकार निमूटपणें न मानणारी ‘हेरेटिक्स’ नांवाची मंडळी निघाली. ऑग्डन तिच्या संस्थापकांपैकीं एक होते. १९१२ सालीं त्यांनीं ‘केंब्रिज मॅगझीन’ हें साप्ताहिक काढिलें. पहिल्या महायुद्धांत त्यांत परकीय, अगदीं शत्रुराष्ट्रांच्याही, वर्तमानपत्रांतील मजकूर भाषांतर होऊन येई. त्यामुळें पुष्कळांचा रोष झाला, आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं, युद्ध थांबलें त्याच दिवशीं, जमावानें त्यांच्या दुकानाची नासधूस केली. त्याच रात्रीं आय. ए. रिचर्ड्स या मित्राशीं बोलतां बोलतां, शब्द माणसांस कसे फसवितात याविषयीं ग्रंथ लिहिण्याचा बेत ठरला. ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ हा तो ग्रंथ १९२३ सालीं निघाला. तो लिहितांना दोघांच्या ध्यानांत आलें कीं, थोडेच शब्द इतर असंख्य शब्दांचा अर्थ सांगूं शकतात.

या विचारांतून ऑग्डन यांनीं १९३० सालीं ‘बेसिक इंग्लिश’ प्रसिद्ध केलें. त्यांत शब्द ८५० : वस्तूंचीं नांवें ६००, गुणवाचक १५० आणि वाक्य चालविणारे १००. या शंभरांत क्रियापदें अठराच : कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक, बी, डू, हॅव, से, सी, सेंड, मे आणि विल.

युक्ति अशी कीं, लहान क्रियापदास दिशा दाखविणारा शब्द जोडावा. ‘एंटर’ याऐवजीं ‘गो इन’, ‘रिटर्न’ याऐवजीं ‘कम बॅक’, ‘रिमूव्ह’ याऐवजीं ‘टेक अवे’. आपणही आणणें यास घेऊन येणें, नेणें यास घेऊन जाणें म्हणतोंच. भेद आहे तो वाक्यरचनेंत. ‘मी त्याला पुस्तक देतों’ यांत क्रियापद शेवटीं; ‘आय गिव्ह द बुक टु हिम’ यांत कर्त्याच्या लगेच मागून. ही चौकट अंगवळणीं पडली म्हणजे शब्द बदलून शेंकडों वाक्यें करितां येतात.

या योजनेंत उणीवही होती. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें. परंतु देणें आणि वर हे अर्थ ठाऊक असून तो उमगत नाहीं. तो निराळा शिकावा लागतो, आणि अठरांचा आंकडा फुगतो. १९४३ सालीं चर्चिल यांनीं योजनेची भलावण केली व १९४६ सालीं ब्रिटिश सरकारनें हक्क २३,००० पौंडांस घेतले, तरी ती जगभर रुजली नाहीं. ऑग्डन २० मार्च १९५७ रोजीं वारले.

परंतु त्यांचे श्रम वायां गेले नाहींत. एस. एच. हूक यांच्या देखरेखीखालीं याच सोप्या इंग्रजींत १९४१ सालीं नवा करार व १९४९ सालीं संपूर्ण पवित्र शास्त्र निघालें. त्याकरितां ८५० शब्दांस आणखी १५० जोडून हजार केले. धर्माधिकारास प्रश्न विचारणाऱ्या मनुष्यानें निवडलेले शब्द अशा रीतीनें अल्पशिक्षितांस शास्त्र वाचावयास उपयोगी पडले. वाचकहो, इंग्रजी शिकणाऱ्या मुलास शंभर क्रियापदें घोकावयास लावण्यापूर्वीं या अठरांपैकीं एक घ्यावें, आणि त्याचीं दहा वाक्यें त्याच्याच तोंडून वदवावीं.