टस्कीगीची शाळा आणि बुकर वॉशिंग्टन

अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांस जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या मुक्त झालेल्या लोकांनी आपल्या मुलांच्या विद्येची सोय कशी लावली, ही कथा आपल्या घरांतून क्वचितच सांगितली जाते.

बुकर वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ साली व्हर्जिनियातील एका मळ्यावर गुलाम मातेच्या पोटी झाला. १८६५ साली मुक्तता झाली. दारिद्र्य मात्र सुटले नाही. मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत त्यांचे बालपण गेले. १८७२ साली सुमारे पाचशे मैलांची वाट, बरीचशी पायी, तुडवून ते हॅम्पटनच्या विद्यालयात पोहोचले. तेथील बाईंनी त्यांस एक खोली झाडावयास सांगितले. त्यांनी ती तीनदा झाडली, चारदा पुसली. हीच त्यांची प्रवेशपरीक्षा ठरली.

इकडे दक्षिणेतील अलाबामा राज्यात टस्कीगी या लहानशा गावी लुईस ॲडम्स नावाचे एक कारागीर होते. तेही पूर्वीचे गुलाम. पत्र्याचे काम करीत. निवडणुकीत एक गोरा उमेदवार कृष्णवर्णीयांची मते मागावयास आला, तेव्हा त्यांनी मतांच्या बदल्यात स्वतःसाठी काही न मागता गावासाठी शाळा मागितली. विधिमंडळाने शिक्षकांच्या वेतनाकरिता दरसाल २००० डॉलर मंजूर केले; जागेसाठी व इमारतीसाठी मात्र एक पैही नाही!

हॅम्पटनहून वॉशिंग्टन आले आणि ४ जुलै १८८१ रोजी चर्चजवळच्या एका मोडक्या झोपडीत ३० विद्यार्थ्यांची शाळा भरली. पाऊस आला की एक विद्यार्थी शिक्षकांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. पुढे कर्ज काढून एक ओसाड मळा घेतला. रान तोडण्याची वेळ आली तेव्हा मुले नाराज झाली. आईबापही म्हणू लागले की मुलांना पुस्तके शिकवावयास धाडले आहे, कष्टांस नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने राबलेल्यांची ही तक्रार समजण्याजोगी होती. वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड घेऊन पुढे झाले.

विटांच्या तीन भट्ट्या फसल्या. जवळ पैसा उरला नव्हता. त्यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी साधली. घड्याळ पुन्हा सोडविता आले नाही. ऑलिव्हिया डेव्हिडसन या सहशिक्षिकेने घरोघरी फिरून वर्गणी जमविली. एका वृद्धेने आपल्याजवळची सहा अंडीच शाळेस आणून दिली. हिशेबाच्या वहीत अशा देणगीचे मोल कसे मांडावे?

वॉशिंग्टन यांच्यावर टीकाही झाली. आधी धंदेशिक्षण, हक्कांची मागणी सावकाश, हे त्यांचे धोरण डु बॉइस यांस मान्य नव्हते. १९०३ साली त्यांनी तसे स्पष्ट लिहिले, आणि तो आक्षेप निराधार नव्हता. मात्र मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांस वॉशिंग्टन गुप्तपणे द्रव्य पुरवीत होते, हे त्यांच्या पश्चात उघड झाले.

१९१२ पासून ज्यूलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याच्या साह्याने त्यांनी खेड्यापाड्यांतील शाळांचे काम हाती घेतले. त्यात गावकऱ्यांनीही पैसा व श्रम द्यावयाचे असत. १९३२ पर्यंत अशा सुमारे पाच हजार शाळा दक्षिणेत उभ्या राहिल्या. वॉशिंग्टन यांनी त्यांपैकी थोड्याच पाहिल्या. १४ नोव्हेंबर १९१५ रोजी टस्कीगी येथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या विद्यालयात सुमारे १५०० विद्यार्थी शिकत होते.