हातगाड्यांच्या वाटेवरचा सावध सोबती

अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या उजाड माळरानावर दर उन्हाळ्यात एक आगळे दृश्य पाहावयास मिळते. चौदा ते अठरा वर्षे वयाची शेकडो मुले-मुली सामानाने भरलेल्या दोनचाकी लाकडी हातगाड्या ओढत तीन-चार दिवस पायी चालतात. मुलींच्या अंगात पायघोळ झगे आणि डोक्यावर कापडी टोप्या असतात, तर मुले जुन्या धाटणीचे सदरे घालतात. आठ-दहा मुलांचे एक कुटुंब कल्पून एका जोडप्याला त्यांचे आईवडील नेमले जाते. मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या युवक मंडळांचा हा उपक्रम आहे. याच वाटेने 1856 साली हातगाड्या ओढत गेलेल्या आपल्या पूर्वसुरींचे स्मरण, हा त्यामागचा हेतू. या वाटेवर मुलांना ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांत लेव्हाय सॅव्हेज यांची कथा वेगळी उठून दिसते. कारण इतरांच्या कथा धैर्याने चालत राहिल्याच्या आहेत. सॅव्हेज यांनी मात्र आता निघू नका, असे बजावले होते.

लेव्हाय सॅव्हेज यांचा जन्म 23 मार्च 1820 रोजी ओहायो राज्यात झाला. मॉर्मन पंथीयांना त्या काळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हुसकावले जात होते. 1846 मध्ये त्यांचे तांडे पश्चिमेकडे निघाले आणि सॅव्हेज त्या प्रवाहात सामील झाले. त्याच वर्षी अमेरिका-मेक्सिको युद्धासाठी मॉर्मन पुरुषांची सुमारे पाचशे जणांची पलटण उभारण्यात आली. सॅव्हेज या पलटणीबरोबर वाळवंटे तुडवीत कॅलिफोर्नियापर्यंत चालत गेले. अपुरा शिधा, थकलेली जनावरे आणि लांबलचक वाट यांचा अर्थ काय, हे त्यांना तेव्हाच उमगले.

पुढे ते युटामधील सॉल्ट लेक खोऱ्यात स्थिरावले. 1848 मध्ये जेन मॅथर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1851 च्या जानेवारीत मुलगा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पत्नीचे निधन झाले. या दुःखातून ते सावरतात न सावरतात, तोच 1852 मध्ये चर्चने त्यांची धर्मप्रसारासाठी सयाम, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये नेमणूक केली. दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला बहिणीच्या स्वाधीन करून ते निघाले.

या प्रवासात त्यांचे पाय भारताच्या भूमीला लागले. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले तेरा धर्मप्रसारक 1853 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास उतरले. त्यांच्याच पंथाचे ह्यू फिंडले हे त्या सुमारास मुंबई आणि पुण्याच्या लष्करी छावणीत प्रचार करीत होते. सॅव्हेज यांना मात्र पूर्वेकडे जायचे होते. इंग्रज-ब्रह्मी युद्धामुळे सयामचा खुष्कीचा मार्ग बंद झाला होता. त्यामुळे ते रंगूनपर्यंत पोहोचले आणि जवळपास दोन वर्षे ब्रह्मदेशातच राहिले. ब्रह्मी भाषा शिकण्याची त्यांनी खटपट केली. प्रचाराचे फळ जवळजवळ शून्य होते. अखेर समुद्रमार्गाने ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले, तेव्हा 1856 साल उजाडले होते. घरी परतायला आता केवळ अर्धी अमेरिका ओलांडायची राहिली होती.

नेमक्या त्याच वर्षी पंथप्रमुख ब्रिगॅम यंग यांनी हातगाड्यांची योजना अमलात आणली होती. युरोपातील, विशेषतः ब्रिटन व स्कँडिनेव्हियातील गरीब अनुयायांना युटामध्ये आणण्यासाठी 1849 पासून एक निधी चालविला जात होता. 1855 मध्ये टोळधाड आणि अवर्षणाने युटाची पिके बुडाली आणि निधीची ओढाताण होऊ लागली. बैल आणि मोठ्या गाड्या विकत घेणे परवडेना. तेव्हा रेल्वेने आयोवा सिटीपर्यंत यायचे आणि पुढचे सुमारे 2,100 किलोमीटर अंतर हातगाडी ओढत काटायचे, असे ठरले. प्रत्येक प्रौढ माणसाला कपडे व अंथरूण मिळून साधारण आठ किलो सामान नेण्याची मुभा होती. योजना अगदीच अव्यवहार्य होती, असे नव्हे. वेळेत निघालेल्या पहिल्या तीन तुकड्या 2 ऑक्टोबरपर्यंत सॉल्ट लेकला पोहोचल्याही.

घोटाळा झाला तो उशिरा निघालेल्यांचा. लिव्हरपूलहून 4 मे रोजी सुटलेल्या थॉर्नटन जहाजावरील प्रवासी जूनच्या अखेरीस आयोवा सिटीला आले, तेव्हा त्यांच्या गाड्या तयारच नव्हत्या. घाईघाईत ओल्या लाकडाच्या गाड्या बनविण्यात आल्या. जेम्स विली यांच्या नेतृत्वाखालील सुमारे पाचशे जणांची तुकडी 15 जुलैला निघाली. घराकडे निघालेल्या सॅव्हेज यांना या तुकडीतील शंभर जणांच्या गटाचे नायक नेमण्यात आले. 11 ऑगस्टला तुकडी नेब्रास्कातील फ्लोरेन्स येथे पोहोचली. ओले लाकूड सुकून गाड्या खिळखिळ्या झाल्या होत्या. पुढे सोळाशे किलोमीटरहून अधिक वाट उरली होती आणि ऋतू हातचा निसटत होता.

13 ऑगस्टला सर्वांची सभा भरली. त्या वाटेचा पूर्वानुभव असलेले बहुतेक जण पुढे जाण्याच्या बाजूचे होते. सॅव्हेज उभे राहिले आणि त्यांनी विरोध केला. हिवाळा डोंगरांत गाठेल, पातळ कांबळ्यांवर रात्री काढाव्या लागतील आणि वृद्ध, अशक्त व लहान मुले मृत्युमुखी पडतील. म्हणून हा हिवाळा इथेच काढावा, असे त्यांनी सांगितले. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या भाषणाने विली नाराज झाले. मते घेण्यात आली आणि बहुमत निघण्याच्या बाजूने पडले. सुमारे शंभर जण मात्र मागे राहिले.

सॅव्हेजही मागे राहू शकले असते. परंतु त्यांनी आपले म्हणणे मागे न घेता, तुम्ही निघालात तर मीही येईन, तुमच्याबरोबर कष्ट करीन आणि वेळ पडल्यास तुमच्याबरोबर मरेन, असे जाहीर केले. त्यानंतर या विषयावर वाद न घालता ते कामाला लागले.

फ्लोरेन्स सोडताना प्रत्येक गाडीवर सुमारे 44 किलो पिठाचे एकेक पोते लादण्यात आले. सप्टेंबरच्या आरंभी रानरेड्यांच्या कळपाने उडविलेल्या गोंधळात तुकडीची तीसेक जनावरे बेपत्ता झाली. गाड्यांना मग दुभत्या गायी जुंपण्याची पाळी आली. काही दिवसांनी फ्रँकलिन रिचर्ड्स हे पंथाचे ज्येष्ठ नेते घोडागाडीतून मागून आले. फ्लोरेन्स येथील भाषणाबद्दल त्यांनी सॅव्हेज यांची सर्वांसमक्ष कानउघाडणी केली. सॅव्हेज यांनी या प्रसंगाची नोंद आपल्या दैनंदिनीत करून ठेवली आहे. फोर्ट लॅरामी येथे पुरेसा शिधा मिळाला नाही. रोजचे पीठ कमी करण्यात आले. ऑक्टोबरच्या 19 तारखेस पहिले हिमवादळ आले आणि सॅव्हेज यांनी सांगितले होते ते एकेक घडू लागले.

तथापि मदतही निघाली होती. पुढे गेलेल्या रिचर्ड्स यांनीच 4 ऑक्टोबरला सॉल्ट लेकमध्ये ही वार्ता पोहोचविली. दुसऱ्याच दिवशी यंग यांनी भर सभेत गाड्या, पीठ आणि माणसे मागितली व 7 ऑक्टोबरला पहिले पथक रवाना झाले. 21 ऑक्टोबरला हे पथक विली यांच्या तुकडीला भेटले. तरीही पुढचा रॉकी रिजचा चढ चुकला नाही. 23 ऑक्टोबरला बर्फाच्या तडाख्यात भुकेल्या माणसांनी तो चढ पार केला. दुसऱ्या दिवशी रॉक क्रीक येथे तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरावे लागले. त्या कामात राबलेले दोघे पाठोपाठ दगावले. 9 नोव्हेंबरला तुकडी सॉल्ट लेकला पोहोचली. मागून आलेल्या एडवर्ड मार्टिन यांच्या तुकडीचे हाल याहून अधिक झाले. दोन्ही तुकड्यांत मिळून दोनशेहून अधिक माणसे गेली.

सॅव्हेज यांना त्यांचा मुलगा चार वर्षांनी भेटला. तो आता सहाव्या वर्षात होता. तुकडीतील ॲन कूपर या दोन मुलींच्या विधवा आईशी त्यांनी 1858 मध्ये विवाह केला. बहुपत्नीत्वाच्या तत्कालीन प्रथेनुसार दहा वर्षांनी त्या दोन्ही मुलींशीही त्यांचा विवाह झाला, हेही त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. दक्षिण युटातील टोकरव्हिल या गावी त्यांनी उर्वरित आयुष्य काढले. तेथेच 13 डिसेंबर 1910 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनप्रसंगांवर आधारलेला 17 मिरॅकल्स हा चित्रपट 2011 मध्ये आला आणि त्यांचे नाव नव्या पिढीच्या ओठी आले.

उशिरा तुकड्या पाठविणे ही चूक होती, हे यंग यांनी 1856 च्या नोव्हेंबरातच जाहीरपणे मान्य केले आणि त्याचा दोष रिचर्ड्स प्रभृती सहकाऱ्यांवर ठेवला. हातगाड्यांचे प्रवास 1860 पर्यंत चालले, पण तशी आपत्ती पुन्हा ओढवली नाही. फ्लोरेन्सच्या सभेत एका माणसाने तोच मुद्दा मांडला होता आणि त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली होती.

आज गाडी ओढणाऱ्या मुलांना सॅव्हेज यांची कथा बहुधा निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती निष्ठा खरी होती, यात शंका नाही. पण तिच्याइतकेच मोल सभेतील त्या भाषणाचे आहे. सोसण्याची ताकद अंगी बाणविणे चांगलेच. परंतु जे सोसणे टाळता आले असते, ते वेळीच ओळखून सांगणारा माणूसही समूहात लागतो. सॅव्हेज यांनी दोन्ही कर्तव्ये पार पाडली. त्यांतील दुसरे आठवताना पहिल्याचा विसर पडला, तर मुले त्या वाटेवरून अर्धाच धडा घेऊन घरी परततील.