दोन सुटकेसा भरून ठेवणारा माणूस



शिकागोत पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा आपल्या ठरलेल्या असतात. विलिस टॉवर (आमच्यासारखी जुनी मंडळी त्याला अजून सिअर्सच म्हणतात), नेव्ही पिअर आणि डिवॉनवरची खरेदी. आम्ही त्यात आणखी एका जागेची भर घातली आहे. शिकागो विद्यापीठाच्या आवारात, एलिस अव्हेन्यूवर, हेन्री मूरने घडवलेले बारा फूट उंचीचे कांस्यशिल्प आहे. एका बाजूने ते कवटीसारखे दिसते, तर दुसऱ्या बाजूने अणुस्फोटाच्या ढगासारखे. पूर्वी इथे स्टॅग फील्ड हे मैदान होते. त्याच्या प्रेक्षागृहाखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी, माणसाने पहिल्यांदा अणूची साखळी प्रक्रिया सुरू केली आणि थांबवूनही दाखवली.

त्या दिवसाचे श्रेय एन्रिको फर्मीला मिळते, आणि ते योग्यच आहे. पण ही साखळी ज्याला सर्वांत आधी सुचली, आणि नंतर त्याच साखळीच्या भीतीने ज्याची झोप उडाली, तो माणूस म्हणजे लिओ सिलार्ड. पुस्तकांत त्याचे नाव बरेचदा झिलार्ड असे छापतात, पण हंगेरियन उच्चार 'स'ने सुरू होतो.

सिलार्ड ११ फेब्रुवारी १८९८ रोजी बुडापेस्टमध्ये एका ज्यू इंजिनियरच्या घरी जन्मला. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत ज्यूद्वेष उसळला, आणि १९१९मध्ये त्याला व त्याच्या भावाला कॉलेजच्या दारातच विद्यार्थ्यांनी अडवले. सिलार्डने बर्लिन गाठले. तिथे आइनस्टाइन, प्लांक आणि लाउए यांच्या सहवासात तो पदार्थविज्ञानाकडे वळला. आइनस्टाइनबरोबर तर त्याने चक्क एका नव्या प्रकारच्या फ्रिजची पेटंटे घेतली!

१९३३च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणत होते, की हे काही टिकणार नाही. सिलार्ड मात्र दोन सुटकेसा भरून ठेवून राहत होता. मार्चच्या अखेरीस त्याने व्हिएन्नाची गाडी पकडली, तेव्हा गाडी जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी खच्चून भरली होती, आणि सरहद्दीवर माणसांना उतरवून घेतले गेले. आपण सगळे इथे आलो ते शिकायला नाहीतर नोकरीला, आणि परत जायची वाट उघडी ठेवून. या माणसाचा एका दिवसाचा अंदाज चुकला असता तर पुढचे काहीच घडले नसते. लंडनला पोचल्यावर जर्मनीतून हाकललेल्या प्राध्यापकांना नोकऱ्या मिळवून देण्याच्या कामाला त्याने स्वतःला जुंपून घेतले. त्याला स्वतःला मात्र नोकरी नव्हती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने पेपरात रदरफोर्डच्या भाषणाची बातमी वाचली. अणूतून उपयोगी ऊर्जा मिळवण्याच्या गोष्टी म्हणजे निव्वळ कल्पनाविलास, असे त्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. कोणी अशक्य म्हटले की सिलार्डला स्वस्थ बसवत नसे. साउदॅम्प्टन रोवर सिग्नलपाशी रस्ता ओलांडताना त्याच्या मनात आले: एका न्यूट्रॉनने अणू फुटून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, तर? दोनाचे चार, चाराचे आठ. १९३४मध्ये त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले आणि ते गुप्त राहावे म्हणून पुढे ब्रिटिश आरमाराच्या स्वाधीन केले. पेटंट काढायचे आणि वर ते कोणाला वाचू द्यायचे नाही, असा संशोधक आम्हाला तरी दुसरा माहीत नाही.

कोणते मूलद्रव्य असे फुटेल हे मात्र त्याला सापडले नाही. डिसेंबर १९३८मध्ये बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांना ते युरेनियममध्ये सापडले. शोध जर्मनीत लागला, याचीच सिलार्डला धास्ती वाटली. तोपर्यंत तो न्यूयॉर्कला आला होता. मित्राकडून दोन हजार डॉलर उसने घेऊन त्याने रेडियम भाड्याने आणले आणि मार्च १९३९मध्ये युरेनियममधून न्यूट्रॉन बाहेर पडतात याची खात्री करून घेतली. त्या उन्हाळ्यात आइनस्टाइन लाँग आयलंडवर सुट्टीला होता. सिलार्डला गाडी चालवता येत नसे. पहिल्या खेपेला विग्नरने नेले, दुसऱ्या खेपेला टेलरने. अध्यक्ष रूझवेल्ट यांना गेलेले २ ऑगस्ट १९३९चे ते प्रसिद्ध पत्र आइनस्टाइनच्या सहीचे असले, तरी त्यामागे खटपट सिलार्डची होती.

म्हणजे बॉम्ब बनवा असे सांगायला गेलेला माणूस हाच. हे विसरून त्याला नुसता शांतिदूत ठरवणे आम्हाला पटत नाही. हिटलरच्या हाती हे अस्त्र आधी पडले तर, या भीतीपोटी त्याने ते केले. शिकागोच्या प्रयोगशाळेत तो मन लावून राबला. प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांना हा आगाऊ परदेशी इतका खुपत होता, की त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेत ठेवावे असा त्यांचा विचार होता. ते जमले नाही, तेव्हा त्यांनी त्याच्यामागे हेर लावले.

१९४५च्या वसंतात जर्मनी कोसळू लागली, आणि ज्या भीतीने हे सारे सुरू झाले तीच उरली नाही. प्रकल्पातला एक शास्त्रज्ञ, जोसेफ रोटब्लाट, तर १९४४च्या अखेरीसच काम सोडून गेला होता. सिलार्ड राहिला. आता जपानच्या शहरांवर हा बॉम्ब टाकायचा का, हा प्रश्न त्याने वर न्यायचे ठरवले. पुन्हा आइनस्टाइनचे पत्र मिळवले, पण ते वाचण्याआधीच १२ एप्रिलला रूझवेल्ट वारले. ट्रुमन यांच्या कचेरीने त्याला साउथ कॅरोलायनात जेम्स बर्न्स यांच्याकडे पाठवले. बर्न्स लवकरच परराष्ट्रमंत्री होणार होते. त्यांचा रोख रशियाला वचक बसवण्यावर होता. सिलार्डला दिसत होती ती रशियाबरोबरची अण्वस्त्रांची शर्यत. दोघांचे जुळणे शक्यच नव्हते.

जूनमध्ये जेम्स फ्रांक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला, की बॉम्ब आधी निर्जन ठिकाणी जगासमोर उडवून दाखवावा. सिलार्ड त्या समितीत होता. ओपनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन या चौघांच्या सल्लागार मंडळाने मात्र प्रत्यक्ष वापराला पर्याय दिसत नाही असा निर्वाळा दिला. मग सिलार्डने अध्यक्षांच्या नावे विनंतीपत्र लिहिले. शरणागतीच्या अटी जपानला आधी उघडपणे सांगाव्यात. जपानने त्या नाकारल्या तरीही वापरापूर्वी नैतिक जबाबदारीचा विचार करावा. आणि जो देश हे अस्त्र पहिल्यांदा वापरेल तो पुढच्या विध्वंसाचा पायंडा पाडेल, असा त्यातला मुद्दा होता. त्यावर १७ जुलै १९४५ ही तारीख आहे आणि सत्तर सह्या आहेत. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली चाचणी आदल्याच दिवशी झाली होती.

सगळेच त्याच्या बाजूचे नव्हते. पॅसिफिकमध्ये रोज अमेरिकन मुले मरत असताना हे अस्त्र हातात धरून बसायचे कसे, असे विचारणारे सहकारी त्याच प्रयोगशाळेत होते, आणि त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. विनंतीपत्र सरकारी वाटेने ग्रोव्ह्ज यांच्या हाती गेले, तिथे रेंगाळले, आणि अध्यक्षांपर्यंत पोचलेच नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सुमारे सत्तर हजार माणसे गेली असा अंदाज आहे.

युद्धानंतर अणुशक्ती लष्कराच्या ताब्यात राहू नये म्हणून तो वॉशिंग्टनला खेटे घालत राहिला. १९४६च्या कायद्याने ती मुलकी आयोगाकडे गेली, त्यात त्याचा वाटा मोठा होता. पदार्थविज्ञान सोडून वयाच्या पन्नाशीला टेकताना तो जीवशास्त्र शिकू लागला. १९५७मध्ये कॅनडातल्या पगवॉश गावी दोन्ही गोटांतले शास्त्रज्ञ पहिल्यांदा एकत्र बसले, त्यांत तोही होता. ही परिषद आधी नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीत भरायची होती, पण सुएझच्या संकटामुळे बेत फिसकटला.

१९६०मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाने त्याला न्यूयॉर्कच्या इस्पितळात आणले. किरणोपचार कसे द्यायचे हे त्याने स्वतःच ठरवले आणि बराही झाला. त्याच शरद ऋतूत क्रुश्चेव्ह न्यूयॉर्कला आले होते. सिलार्डने त्यांची भेट मागितली, आणि दोन तास बोलणे झाले. भेट म्हणून त्याने दाढीचा साधा रेझर नेला होता. युद्ध झाले नाही तर पाती पाठवत राहीन, असे त्याने कबूल केले. मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट दूरसंपर्क हवा, ही कल्पनाही त्याने त्यांच्या गळी उतरवली. क्युबाच्या पेचप्रसंगानंतर, १९६३मध्ये, ती हॉटलाइन प्रत्यक्षात आली.

आयुष्यभर हॉटेलांत आणि क्लबांत राहिलेला हा माणूस शेवटी पत्नी ट्रूडबरोबर कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे स्थिरावला. तिथे काही महिनेच झाले होते. ३० मे १९६४ रोजी झोपेतच हृदयविकाराने त्याला मृत्यू आला.

हाइड पार्कच्या बाजूला गेलात तर ते शिल्प ५६ आणि ५७ क्रमांकांच्या रस्त्यांच्या मधे आहे. मुलांना घेऊन जा. आमच्या धाकटीने त्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, की ज्याला ही युक्ती सुचली त्यालाच ती वापरू नका म्हणायचे होते, तर त्याचे कोणी ऐकले का नाही? गाडीत बसून घरी पोचेपर्यंत आम्ही तिला बर्न्स, ग्रोव्ह्ज आणि ते विनंतीपत्र यांची सगळी हकिकत सांगितली. तिचे समाधान झाले नाही.