लाखभर फॅन्सनी आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवली, कारण टीममध्ये गॅरिंचा नव्हता

तारीख १३ मे १९५९. ठिकाण रिओ दि जानेरोचं माराकाना स्टेडियम. वर्ल्ड चॅम्पियन होऊन ब्राझीलला अजून वर्षही झालेलं नव्हतं आणि समोर होती इंग्लंडची टीम. स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणूस.

टीम जाहीर झाली. राईट विंगला नाव आलं जुलिन्योचं. आणि अख्ख्या स्टेडियमने हुर्यो उडवायला सुरुवात केली. शिट्ट्या, शिव्या, आरडाओरडा. इंग्लंडच्या नाही, स्वतःच्याच देशाच्या खेळाडूच्या नावाने.

जुलिन्यो काही ऐरागैरा गडी नव्हता. १९५४ चा वर्ल्ड कप खेळलेला, इटलीत जाऊन फिओरेन्तिनाला लीग जिंकून दिलेली. १९५८ च्या वर्ल्ड कपसाठी त्याला बोलावणं आलं होतं, तेव्हा त्याने स्वतःहून नकार दिला होता. आपण परदेशात खेळतो, तर ही जागा ब्राझीलमध्ये खेळणाऱ्या पोराला मिळावी, असं त्याचं म्हणणं. त्याने सोडलेल्या त्याच जागेवर पुढे जो पोरगा नावारूपाला आला, त्याच्यासाठी आज पब्लिक जुलिन्योला शिव्या घालत होतं.

मॅच सुरू झाली आणि पहिल्या काही मिनिटांतच जुलिन्योने गोल मारला. ब्राझील २-० ने जिंकलं. शिव्या घालणारं तेच स्टेडियम टाळ्या वाजवून मोकळं झालं.

पण ज्याच्यासाठी हा सगळा राडा झाला तो गॅरिंचा टीममध्ये का नव्हता? कारण त्याचं वजन वाढलं होतं, आणि ते दारूने वाढलं होतं. वय होतं फक्त २५.

म्हणजे सिलेक्शन चुकलेलं नव्हतं. पण गॅरिंचाच्या बाबतीत पब्लिकला असली कारणं ऐकायचीच नव्हती.

त्याचं खरं नाव मानोएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म १९३३ चा, रिओ राज्यातल्या माजे भागात, पाउ ग्रांदे नावाच्या गावात. गाव कसलं, एका कापड गिरणीभोवती वसलेली वस्तीच. वडील त्याच गिरणीत रखवालदार, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेले. गॅरिंचा हे तिकडच्या एका चिमुकल्या पक्ष्याचं नाव. पोरगं अंगाने लहानखुरं म्हणून बहिणीने त्याला त्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, आणि जगाने पुढे तेच नाव उचललं.

पाय जन्मापासूनच वाकडे. डावा बाहेर वळलेला, उजवा आत वळलेला, त्यात एक दुसऱ्यापेक्षा सुमारे सहा सेंटिमीटरने आखूड. हा माणूस नीट चालेल का, अशी शंका यावी असा सगळा प्रकार. तो चौदाव्या वर्षी गिरणीत कामाला लागला, पण कामात लक्ष शून्य. खरं लक्ष गिरणीच्या टीमकडून फुटबॉल खेळणं, मासे पकडणं आणि मित्रांबरोबर पिणं यात. तरण्या वयातच नाईरशी लग्न झालं. पुढे या दोघांना आठ मुली झाल्या.

१९५३ मध्ये तो रिओच्या बोटाफोगो क्लबमध्ये ट्रायलला गेला. समोर डिफेंडर म्हणून उभा होता नील्टन सांतोस, ब्राझीलच्या नॅशनल टीमचा नावाजलेला खेळाडू. या वाकड्या पायांच्या पोराने बॉल थेट नील्टनच्या दोन पायांमधून काढला आणि पुढे निघून गेला. ट्रायल संपल्यावर नील्टननेच क्लबला सांगितलं, याला लगेच घ्या. उद्या हा दुसऱ्या क्लबकडून आपल्या विरोधात खेळायला नको. या किस्स्यात नंतर थोडं तिखटमीठ लावलं गेलं असेल, पण क्लबने त्याला घेतलं हे खरं, आणि पहिल्याच अधिकृत मॅचमध्ये पोराने तीन गोल मारले हेही खरं.

त्याच्याकडे डाव एकच. बॉल घेऊन डिफेंडरसमोर थांबायचं, डावीकडे झुकून हुलकावणी द्यायची आणि उजवीकडून सटकायचं. तो उजवीकडूनच जाणार हे डिफेंडरला माहीत असायचं, कोचला माहीत असायचं, वरच्या रांगेत बसलेल्या पोरासोरांनाही माहीत असायचं. तरीही तो जायचाच. १९५८ च्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत बोटाफोगोची मॅच अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी होती. गॅरिंचा डिफेंडर वैरोला चकवा देईल तसं पब्लिक बुलफाइटमध्ये ओरडतात तसं ओले ओरडायला लागलं. फुटबॉलच्या मैदानावर ओलेचा गजर इथूनच सुरू झाला, असं मानलं जातं.

त्याच वर्षी स्वीडनला वर्ल्ड कप होता. जाताना वाटेत इटलीत फिओरेन्तिनाशी सराव सामना झाला. गॅरिंचाने एकामागून एक डिफेंडर चकवले, गोलकीपरलाही चकवलं. समोर मोकळा गोल, आणि हा भाऊ थांबला. धावत आलेल्या आणखी एका डिफेंडरला चकवलं आणि मग आरामात बॉल आत नेला. पब्लिकला हसू आवरेना, कोच मंडळींचं डोकं गरम. वर्ल्ड कप म्हणजे काय गल्लीतला खेळ वाटतो का याला?

त्यात भर पडली मानसशास्त्रज्ञाची. ब्राझीलने टीमसोबत जोआओ कार्व्हाल्याएस नावाचे तज्ज्ञ नेले होते. हे गृहस्थ साओ पाउलोमध्ये बस ड्रायव्हरांच्या चाचण्याही घ्यायचे. त्यांनी सगळ्या खेळाडूंना कागद-पेन्सिलच्या चाचण्या दिल्या. शाळेशी फारसा संबंध न आलेल्या गॅरिंचाला इतके कमी मार्क पडले की तेवढ्यावर बस चालवायलाही मिळाली नसती, असं पुढे कायम सांगितलं गेलं. १७ वर्षांच्या पेलेबद्दलही तज्ज्ञांचं मत फार बरं नव्हतं, हा अजून अपरिपक्व आहे म्हणून.

पहिल्या दोन मॅचेस गॅरिंचा बाहेर. त्याच्या जागी फ्लामेंगोचा जोएल. ऑस्ट्रियाला ३-० ने हरवलं, पण इंग्लंडबरोबर ०-०. तिसरी मॅच सोव्हिएत युनियनशी, आणि ती जिंकायचीच होती. कोच व्हिसेंते फेओला यांनी चाचण्यांचे कागद बाजूला ठेवले आणि पेले, गॅरिंचा दोघांना एकदमच उतरवलं.

मॅच सुरू होताच गॅरिंचाने उजवीकडून डिफेंडर सोडवत शॉट मारला, तो पोस्टवर आदळला. लगेच पेलेचा शॉट गोलच्या चौकटीला लागून परत आला. आणि तिसऱ्याच मिनिटाला वावाने गोल केला. त्या तीन मिनिटांबद्दल फुटबॉलवाले आजही बोलतात. ब्राझील ती मॅच २-० ने जिंकलं. फायनलमध्ये स्वीडनने आधी गोल मारला, पण गॅरिंचाने उजवीकडून दोनदा बॉल काढून दिला आणि दोन्ही वेळा वावाने गोल केला. शेवट ५-२. पेले आणि गॅरिंचा एकत्र मैदानात असताना ब्राझील पुढेही कधीच हरलं नाही.

चार वर्षांनी चिलीत तर त्याने एकट्याने वर्ल्ड कप ओढला. दुसऱ्याच मॅचमध्ये पेले जायबंदी होऊन बाहेर गेला. गॅरिंचाने क्वार्टर फायनलमध्ये इंग्लंडविरुद्ध दोन गोल मारले, सेमी फायनलमध्ये यजमान चिलीविरुद्ध दोन. इंग्लंडच्या मॅचमध्ये एक कुत्रं मैदानात शिरलं, त्याने गॅरिंचालाही चकवलं. शेवटी ते जिमी ग्रीव्ह्जच्या हाती लागलं आणि त्याच्याच जर्सीवर लघवी करून गेलं. ते कुत्रं पुढे गॅरिंचाने घरी नेलं.

चिलीच्या मॅचमध्ये मात्र प्रतिस्पर्ध्याला लाथ मारली म्हणून त्याला मैदानाबाहेर काढलं. म्हणजे फायनल गेली. पण लाथ बघणारा उरुग्वेचा लाइन्समन साक्षीला आलाच नाही आणि फिफाच्या कमिटीने गॅरिंचाला खेळू दिलं. यात पडद्यामागे काय काय शिजलं याच्या कहाण्या ब्राझीलमध्ये आजही चवीने सांगितल्या जातात. तो अंगात ताप घेऊन फायनल खेळला आणि ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ ने हरवलं.

तोपर्यंत तो खेळाडूपेक्षा जास्त गोष्टीतला नायक झाला होता. सांद्रो मोरेइरा हा पत्रकार त्याचा दोस्त. त्याने गॅरिंचाच्या भोळेपणाचे कित्येक किस्से चक्क रचून छापले, आणि ते खरे म्हणून पसरले. भोळा, हसरा, काही न कळणारा मोठा मुलगा. लोकांना असा गॅरिंचा हवा होता.

क्लबलाही तो तसाच परवडणारा होता. आकडा न बघता तो कोऱ्या कॉन्ट्रॅक्टवर सही करायचा, असं त्याच्या चरित्रांत येतं. बोटाफोगो त्याच्या नावावर परदेश दौरे करायचा. गॅरिंचा खेळणार असेल तरच आयोजक पूर्ण पैसे मोजायचे. इकडे त्याच्या गुडघ्यांची वाट लागली होती. वाकड्या पायांवरचा भार, वर्षानुवर्षं डिफेंडरांच्या लाथा. उपाय काय? इंजेक्शन द्यायचं, दुखणं दाबायचं आणि खेळवायचं. ऑपरेशन व्हायला १९६४ उजाडलं, तोवर उशीर झालेला होता.

याच काळात त्याच्या आयुष्यात एल्झा सोआरेस आली.

एल्झा सांबा गायिका. रिओच्या झोपडपट्टीत वाढलेली, अल्पवयातच वडिलांनी लग्न लावून दिलेलं, पोटची लेकरं उपासमारीत गेलेली, ऐन विशीत विधवा झालेली. या सगळ्यातून ती स्वतःच्या आवाजावर स्टार झाली होती. १९६२ च्या वर्ल्ड कपच्या वेळी तीही चिलीत होती. दोघांचं प्रेम जमलं, आणि गॅरिंचाने नाईरला आणि आठ मुलींना सोडलं.

मग अख्खा देश एल्झावर तुटून पडला. संसार मोडणारी, पैशासाठी आलेली, आमचा हिरो बरबाद करणारी. तिच्या घरावर दगड पडले, धमक्या आल्या, रेडिओ आणि पेपरांमधून यथेच्छ उद्धार झाला. नाईरच्या वाट्याला खरोखरच हाल आले, यात शंका नाही. पण गॅरिंचाची लफडी एल्झाच्या आधीपासून चालू होती. १९५९ मध्ये क्लबच्या स्वीडन दौऱ्यातच त्याला तिथल्या एका मुलीपासून मूल झालं होतं. तेव्हा तो गोल मारत होता, म्हणून ते सगळं चालून गेलं. एल्झा आली आणि त्याच सुमाराला गुडघे संपले. लोकांनी दोन गोष्टी एकत्र जोडल्या आणि तिसरी, म्हणजे दारू, सोडून दिली.

गंमत म्हणजे त्या दारूशी भांडणारी एल्झाच होती. याला देऊ नका, म्हणून ती बारवाल्यांच्या विनवण्या करत फिरायची.

१९६६ मध्ये बोटाफोगोने त्याला कोरिंथियन्सला विकून टाकलं. त्याच वर्षी इंग्लंडला वर्ल्ड कप. कोच परत फेओलाच. सरावासाठी चाळीसहून जास्त खेळाडू बोलावले, कोण खेळणार हे शेवटपर्यंत ठरेना, आणि टीममध्ये १९५८ ची जुनी नावं भरली. गॅरिंचाही त्यात होता. फिटनेसवर नाही, नावावर. बल्गेरियाविरुद्ध त्याने एक जबरदस्त फ्री किक मारून गोल केला, पेलेनेही एक केला, आणि ही त्या दोघांची शेवटची एकत्र मॅच ठरली. पुढची मॅच पेलेशिवाय हंगेरीशी. ब्राझील ३-१ ने हरलं. ब्राझीलच्या जर्सीत गॅरिंचाने पाहिलेला हा एकमेव पराभव, आणि तीच त्याची देशासाठी शेवटची मॅच. तिसऱ्या मॅचला त्याला वगळलं. या वेळी त्याच्यासाठी कोणी हुर्यो उडवली नाही.

एप्रिल १९६९ मध्ये त्याची गाडी ट्रकवर आदळली. गाडी तोच चालवत होता. सोबत असलेली एल्झाची आई जागीच गेली. तो यातून सावरला नाही, त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला. काही काळ दोघं इटलीत जाऊन राहिले. परत आल्यावर १९७२ मध्ये तो ओलारिया या छोट्या क्लबकडून शेवटचं खेळला.

१९ डिसेंबर १९७३ ला माराकानावर त्याच्या मदतीसाठी मॅच झाली. पेले खेळला, १ लाख ३१ हजार लोक आले. गॅरिंचा मॅचच्या मध्यातच हात हलवत बाहेर गेला आणि लोक रडले. पैसा बऱ्यापैकी जमला, पण टिकला नाही.

दारू वाढत गेली, मारहाण सुरू झाली. १९७७ मध्ये त्याने हात उगारल्यावर एल्झा लहान मुलाला घेऊन निघून गेली. जिने त्याला बिघडवलं असं देश म्हणत होता, ती गेल्यावर तो आणखीनच वेगाने ढासळला. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेइरा सांबा शाळेने त्याला सन्मानाने रथावर बसवलं. तो शून्यात बघत बसून होता. हात हलवायचंही भान नव्हतं. हे देशाने टीव्हीवर बघितलं.

२० जानेवारी १९८३ ला रिओमध्ये तो दारूने गेला. वय ४९. पार्थिव माराकानावर ठेवलं होतं. तिथून अग्निशमन दलाच्या गाडीवरून पाउ ग्रांदेकडे नेलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल माणसं उभी होती.

एल्झा पुढे जवळपास चाळीस वर्षं गात राहिली. म्हातारपणी तिला नव्याने प्रसिद्धी मिळाली आणि तिच्यावर दगड मारणाऱ्यांची नातवंडं तिच्या शोला तिकीट काढून जायला लागली. ती गेली २०२२ मध्ये. तारीख तीच, २० जानेवारी.

राजधानी ब्राझिलियातलं स्टेडियम आज गॅरिंचाच्या नावाने आहे. २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी ते पाडून प्रचंड खर्चाने नव्याने बांधलं. त्यानंतर तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, माजेच्या दफनभूमीतून बातमी आली. मधल्या काळात अवशेष हलवले गेले असावेत, पण त्याची कुठे नोंद नाही, आणि गॅरिंचाची हाडं नेमकी कुठे आहेत हे घरच्यांनाही सांगता येत नाही.