मागच्या चाकाचा शिल्पकार : तुल्लिओ कंपान्योलो

जुन्या रेसिंग सायकली जमवणाऱ्या जगभरच्या शौकिनांमध्ये एक वाद कधीच संपत नाही. गेल्या शतकातील सर्वोत्तम डिरेलर, म्हणजे मागच्या चाकाजवळ बसून साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे यंत्र, कोणते? फ्रान्सच्या 'सिम्प्लेक्स' आणि 'ह्युरे', जपानच्या 'सनटूर' आणि 'शिमानो' या साऱ्यांची बाजू लढवणारे लोक आहेत. तरीही चर्चा फिरून एका इटालियन नावापाशी येते. हे नाव आहे तुल्लिओ कंपान्योलो यांचे. सायकल शर्यतींचे रूप बदलणाऱ्या या कारागिराचे आयुष्य जितके यशस्वी, तितकेच ते यशाच्या मर्यादाही दाखवणारे आहे.

तुल्लिओ यांचा जन्म १९०१ साली उत्तर इटलीतील विचेंझा या शहरात झाला. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. खिळे, बिजागऱ्या, कुलपे आणि हत्यारे यांच्या सहवासात हा मुलगा वाढला. धातूचा तुकडा हातात घेऊन त्याला नवे रूप देण्याची सवय त्याला तिथेच लागली. दुसरे वेड सायकल शर्यतींचे. विशीत असताना ते हौशी स्पर्धक म्हणून शर्यतींत उतरू लागले. स्पर्धक म्हणून त्यांचे नाव फार मोठे झाले नाही. पण रस्त्यावर स्पर्धकाचे काय हाल होतात, हे त्यांनी स्वतः सोसून पाहिले. पुढच्या आयुष्याची खरी शिदोरी हीच ठरली.

त्या काळातील शर्यतीची सायकल आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असे. सपाटीवर एक, चढावर दुसरे. गियर बदलायचा म्हणजे स्पर्धकाने खाली उतरायचे, चाक घट्ट धरून ठेवणारे पंखाच्या आकाराचे नट सोडवायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुन्हा स्वार व्हायचे. गियर बदलणारी यंत्रे फ्रान्समध्ये पर्यटक वापरत होते. पण 'तूर द फ्रान्स'चे संस्थापक आंरी देग्रांज यांना ती पसंत नव्हती. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला मोकळीक मिळण्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले.

कंपान्योलो यांच्याबद्दल सर्वाधिक सांगितली जाणारी कथा याच नटांशी निगडित आहे. १९२० च्या दशकातील नोव्हेंबर महिना, पहिल्या महायुद्धातील विजयाच्या स्मरणार्थ भरलेली शर्यत, डोलोमाइट पर्वताच्या पायथ्याकडील क्रोचे द'ऑने ही खिंड आणि बर्फाने झाकलेला रस्ता. चाक उलटवण्यासाठी तुल्लिओ थांबले. पण गारठून बधिर झालेल्या बोटांनी ते नट काही सुटेनात. आघाडी हातची गेली. या कथेच्या तपशिलांबद्दल सायकलच्या इतिहासाच्या काही अभ्यासकांनी पुढे शंका घेतल्या. मात्र प्रश्न खरा होता आणि त्यावर कंपान्योलो यांनी दिलेले उत्तरही खरे ठरले.

हे उत्तर म्हणजे 'क्विक रिलीज'. चाकाच्या पोकळ आसातून एक बारीक सळई न्यायची, तिच्या टोकाला एक छोटी दांडी बसवायची आणि ती दांडी नुसती उलटवली की चाक मोकळे. हत्यार नको, नट फिरवणे नको. वडिलांच्या दुकानामागील खोलीत तुल्लिओ यांनी अशा भागांवर काम सुरू केले आणि १९३३ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. आज जगातील लक्षावधी सायकलींची चाके याच तत्त्वावर काढली-घातली जातात.

डिरेलरच्या बाबतीत त्यांची पहिली झेप मात्र अवघड वळणाची होती. १९४० च्या दशकातील 'कांबिओ कोर्सा' या यंत्रात मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला दोन लांब दांड्या असत. एका दांडीने चाक सैल करायचे, दुसरीने साखळी बाजूला ढकलायची. हे करताना स्पर्धकाने धावत्या सायकलवर हात मागे न्यायचा आणि पायडल उलटे फिरवायचे. साखळीचा ताण सांभाळायला वेगळी चक्री नव्हती. सैल झालेले चाकच दातेरी खाचांतून पुढे-मागे सरकून तो ताण राखत असे. वर्णन वाचूनच धडकी भरावी अशी ही कसरत. पण साखळी सरळ धावत असल्याने घर्षण कमी होई आणि तरबेज स्पर्धक त्यावर खूश असत. १९४८ मध्ये जिनो बार्ताली यांनी हेच यंत्र वापरून 'तूर द फ्रान्स' जिंकली. पुढे दोन दांड्यांचे काम एकीवर आले आणि त्या सुधारित यंत्रावर १९५० मध्ये फाउस्तो कोप्पी यांनी 'पारी-रुबे' ही खडकाळ रस्त्यांची शर्यत जिंकली. नव्या यंत्रालाही मग त्याच शर्यतीचे नाव मिळाले.

विजय मिळत असतानाच तुल्लिओ यांनी तो मार्ग सोडला, ही त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष. १९४९ मध्ये त्यांनी 'ग्रान स्पोर्ट' या नव्या डिरेलरचा नमुना मांडला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आला. चार सांध्यांनी जोडलेला समांतरभुज चौकोन तारेच्या ओढीने तिरका होतो आणि त्याच्या टोकाची चक्री साखळीला आत-बाहेर नेते. ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. फ्रान्समधील 'निवेक्स' या यंत्रात ती १९३० च्या दशकातच वापरली गेली होती. कंपान्योलो यांचे कर्तृत्व वेगळे होते. त्यांनी त्या कल्पनेला चिखल, पाऊस आणि दगडी रस्ते सोसणारे मजबूत शरीर दिले. नळीत सरकणाऱ्या दट्ट्यावर चालणारी त्या काळातील फ्रेंच यंत्रे धूळ बसली की अडखळत; 'ग्रान स्पोर्ट' चालत राही.

त्यानंतरची तीस वर्षे कंपान्योलो यांची होती. १९६३ मध्ये 'रेकॉर्ड' आले. १९६७ मध्ये जड कांस्याची जागा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूने घेतली आणि सुमारे २०० ग्रॅम वजनाचे 'नुओवो रेकॉर्ड' जन्माला आले. १९७० च्या दशकात टायटॅनियमचे बोल्ट असलेले 'सुपर रेकॉर्ड' आले. एडी मर्क्स यांच्यासारख्या महारथींच्या सायकलींवर हीच यंत्रे होती. रूपाच्या कसोटीवर 'नुओवो रेकॉर्ड'ला आजही तोड नाही, असे अनेक संग्राहक मानतात. चकचकीत घासलेला धातू, त्यावर कोरलेले नाव, एकही रेषा अनावश्यक नाही. अंगावर उमटवलेल्या वर्षावरून कोणता नग कोणत्या काळातला, हेही ओळखता येते. प्रत्येक लहानसा भाग स्वतंत्र विकत मिळे. त्यामुळे झिजलेले यंत्र फेकून न देता पुन्हा उभे करता येई.

परंतु कामगिरीच्या कसोटीवर निकाल वेगळा लागतो आणि कंपान्योलो यांच्या चरित्रातील खरा पेच इथेच आहे. १९६४ मध्ये जपानच्या माएदा कंपनीतील नोबुओ ओझाकी यांनी समांतरभुज चौकोनच तिरका बसवला. मागची दातेरी चक्रे लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंडीसारखी रचलेली असतात. कंपान्योलो यांच्या यंत्रातील चक्री जवळजवळ आडवी सरकत असल्याने काही गियरवर ती दात्यांपासून दूर राही आणि साखळी उशिरा हले. 'सनटूर'ची चक्री मात्र त्या उतरंडीच्या कडेकडेने सरके, अंतर सारखे राही आणि साखळी चटकन जागेवर बसे. कितीतरी कमी किमतीचे हे जपानी यंत्र गियर बदलण्यात महागड्या इटालियन यंत्राला मागे टाकत होते. चढासाठी मोठे चक्र लावायचे तर 'नुओवो रेकॉर्ड'ची धाव लवकर संपे. 'सनटूर' ते सहज पेले. वजनात फ्रान्सच्या 'ह्युरे ज्युबिली'ने बाजी मारली होती. १९७० च्या दशकातील हे नाजूक, देखणे यंत्र जेमतेम १४० ग्रॅमचे होते. 'सिम्प्लेक्स'ने प्लास्टिकचा प्रयोग केला. त्याची यंत्रे हलकी आणि स्वस्त झाली, पण वर्षे उलटली की त्यांना तडे जात.

असे असूनही व्यावसायिक स्पर्धक कंपान्योलोकडेच का राहिले? कारण शर्यतीत चपळाईपेक्षा भरवसा मोलाचा होता. आपटले, चिखलात बुडाले, वर्षानुवर्षे वापरले, तरी ते दगा देत नसे. शर्यतीत चक्रांमधील फरकही लहान असे आणि सरावलेला हात उरलेली उणीव भरून काढी. या निष्ठेचा दुसरा परिणाम असा, की मूळ रचना बदलण्याची निकड कंपनीला भासली नाही. 'ग्रान स्पोर्ट'पासून 'सुपर रेकॉर्ड'पर्यंत धातू बदलले, घडण सुबक झाली. गाभा तोच राहिला. स्वतःचे जिंकणारे यंत्र मोडीत काढून पुढे जाणाऱ्या १९४९ च्या तुल्लिओ यांची ती बेडर वृत्ती कंपनीच्या यशाच्या भाराखाली मंदावली, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

कारागीर म्हणून त्यांची जिज्ञासा मात्र सायकलपुरती मर्यादित राहिली नाही. मॅग्नेशियमच्या ओतकामात त्यांच्या कारखान्याने प्रावीण्य मिळवले आणि लॅम्बोर्गिनी 'मिउरा'सारख्या मोटारींना चाके पुरवली. बाटलीचे बूच काढण्याचे त्यांचे भलेमोठे साधनही गाजले.

फेब्रुवारी १९८३ मध्ये तुल्लिओ कंपान्योलो यांचे निधन झाले. कंपनीचा सुवर्णमहोत्सव त्याच वर्षी होता. त्यासाठी खास घडवलेला सायकलच्या भागांचा संच बाजारात आला, तेव्हा त्याचा कर्ता हयात नव्हता. कंपनीची धुरा मुलगा व्हॅलेंटिनो यांच्याकडे आली आणि वर्षभरातच वादळ येऊन थडकले. १९८४ मध्ये 'सनटूर'च्या तिरक्या रचनेच्या पेटंटची मुदत संपली. त्याच वर्षी 'शिमानो'ने ती रचना उचलून, तिला 'टिक' असा आवाज करत नेमक्या जागी थांबणाऱ्या गियरदांडीची जोड दिली. हाताच्या अंदाजाचे युग संपत आले. १९८८ ची 'जिरो दि'तालिया' अँडी हॅम्पस्टन यांनी 'शिमानो'च्या यंत्रावर, थेट कंपान्योलोच्या अंगणात जिंकली. इटालियन कंपनीला नव्या काळाशी जुळवून घेण्यासाठी पुढे बरीच धडपड करावी लागली.

तेव्हा सर्वोत्तम डिरेलर कोणते, या वादाचे प्रामाणिक उत्तर दुहेरी आहे. चढणीच्या रस्त्यावर रोज सायकल चालवायची असेल, तर 'सनटूर' निवडावे. परंतु चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे एखादे 'नुओवो रेकॉर्ड' उघडून, पुसून, दोन थेंब तेल देऊन पुन्हा जोडले, तर बहुधा ते पहिल्या दिवसासारखे चालू लागते. वस्तू दुरुस्त करता यावी आणि माणसाच्या आयुष्याला पुरावी, हा विचार विचेंझाच्या त्या लोखंडी सामानाच्या दुकानातला होता आणि तुल्लिओ कंपान्योलो यांनी तो अखेरपर्यंत सोडला नाही.