गोंगाटाला सूर देणारा चित्रकार : लुइजी रुसोलो
(द्वितीय वर्ष, कला)

आमचे घर यंत्रमागांच्या वस्तीत आहे. वडील माग चालवतात, आई कांड्या भरते. रात्री वीज गेली आणि खटखट थांबली, की आमच्याकडे झोपलेली मुले जागी होतात! या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. संगीत म्हणजे तंबोरा, बैठक आणि निःशब्द श्रोते, अशी माझी समजूत होती. ते आपल्यासारख्यांसाठी नाही, हेही मी मनाशी ठरवून टाकले होते. पाश्चात्य कलेच्या इतिहासावरील एक पुस्तक चाळताना लुइजी रुसोलो भेटला आणि या समजुतीला पहिला तडा गेला.

रुसोलोचा जन्म ३० एप्रिल १८८५ रोजी इटलीच्या ईशान्य भागातील पोर्तोग्रुआरो या गावी झाला. वडील तेथील कॅथिड्रलमध्ये ऑर्गन वाजवीत. जोव्हान्नी आणि अंतोनिओ हे भाऊ मिलानच्या संगीत विद्यालयात शिकले. लुइजीने मात्र चित्रकलेची वाट धरली. लिओनार्दोच्या ‘शेवटचे भोजन’ या जगप्रसिद्ध भित्तिचित्राच्या डागडुजीच्या कामात त्याने उमेदवारी केली. पुढे बोच्चोनी हा चित्रकार आणि मारिनेत्ती हा कवी यांच्याशी त्याची गाठ पडली आणि १९१० मध्ये तो भविष्यवादी चित्रकारांच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत सामील झाला. यंत्र, वेग आणि शहर यांचे या मंडळींना विलक्षण वेड होते.

१९११ साली त्याने ‘संगीत’ नावाचे चित्र रंगविले. त्यात पियानो वाजविणाऱ्याला अनेक हात आहेत, भोवती मुखवटे तरंगत आहेत आणि एक निळी लाट वळसे घेत वर चढते आहे. जणू आवाज डोळ्यांना दिसावा, हा त्याचा ध्यास होता. त्यानंतर दोनच वर्षांत त्याने कुंचला बाजूला ठेवला. ११ मार्च १९१३ रोजी संगीतकार प्रातेल्ला याला लिहिलेल्या पत्ररूपी जाहीरनाम्यात त्याने आपले म्हणणे मांडले. कारखाने, आगगाड्या, गर्दी यांच्या आवाजांची सवय झालेल्या कानांना जुन्या वाद्यांचे मोजके नाद आता अपुरे आहेत. गोंगाटालाही सूर असतो आणि त्याची रचना करता येते, असा त्याचा मथितार्थ होता. गोंगाटाचे त्याने सहा वर्गही पाडले.

मित्रहो, हा माणूस नुसते बोलून थांबला नाही. उगो पियात्ती या चित्रकार मित्राला सोबत घेऊन त्याने मिलानमध्ये वाद्ये घडविली. बाहेरून पाहावे तर कर्णा लावलेली लाकडी पेटी! आत तार, तारेला घासणारे चाक आणि आवाज वाढविणारा पडदा. मूठ फिरवली की चाक फिरे; दांडा सरकवला की तारेचा ताण बदले आणि सूर वर-खाली जाई. कुणी गुरगुरे, कुणी शीळ घाली, कुणी कडाडे. स्वरलेखनही त्याने निराळे शोधले. सुट्या स्वरचिन्हांऐवजी सलग रेषा! त्याच्यातला चित्रकार तेथेही जागाच होता.

२१ एप्रिल १९१४ रोजी मिलानच्या दाल व्हेर्मे नाट्यगृहात या पेट्यांचा जलसा झाला. प्रेक्षकांनी एकच हुल्लड माजविली. मारिनेत्ती व सोबती खाली उतरून प्रेक्षकांशी हातघाईवर आले. रुसोलो मात्र वादन चालवीतच राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनलाही प्रयोग झाले. मग महायुद्ध पेटले. युद्धाचे गोडवे गाणाऱ्या या मंडळींना त्याची किंमत मोजावी लागली. बोच्चोनी १९१६ मध्ये गेला; १९१७ च्या डिसेंबरात रुसोलोच्या डोक्याला गंभीर जखम झाली. तरीही १९२१ मध्ये त्याने पॅरिसला पुन्हा प्रयोग केले. अखेरची वर्षे त्याने माज्जोरे सरोवराकाठच्या चेर्रो येथे अध्यात्मचिंतनात आणि पुन्हा चित्रे काढण्यात घालविली. ४ फेब्रुवारी १९४७ रोजी तेथेच त्याचा अंत झाला.

त्याच्या मूळ पेट्या नष्ट झाल्या. ‘शहराची जाग’ या रचनेच्या अवघ्या काही ओळी उरल्या. अंतोनिओच्या दोन लहान रचनांची एक ध्वनिमुद्रिका तेवढी त्या वाद्यांचा आवाज सांभाळून आहे. पण १९४८ साली पॅरिसमध्ये प्येर शेफेरने आगगाडीच्या ध्वनिमुद्रित आवाजांतून संगीतरचना केली, आणि रुसोलोने दाखविलेली वाट वाहती झाली.

हे सारे वाचून मला आनंद झाला, तसा रागही आला. माझ्या वडिलांना आता एका कानाने कमी ऐकू येते. रुसोलोच्या पेटीची मूठ त्याच्याच हातात होती. वाटेल तेव्हा तो ती थांबवू शकत असे. मागाचा आवाज थांबविणे वडिलांच्या हाती नाही. मग गोंगाटाचे कौतुक करायचे कुणी? पण एक गोष्ट मला नाकारता येत नाही. धागा कुठे तुटला, कुठला माग बिघडला, हे वडील पाठमोरे असतानाही आवाजावरून अचूक सांगतात. गोंगाटातला सूर ओळखणारा कान आमच्याच घरात होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता! हे मला एका परक्या चित्रकाराने शिकविले.

परवा ही हकिकत वडिलांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की त्या पेट्यांना तेलपाणी कोण करीत असे? मला पियात्तीचे नाव आठवले.